अर्जदाराचा ‘मी’ : नोकरीच्या विनंतीपत्राचा वाङ्मयीन इतिहास

मराठीत ‘अर्ज’ या शब्दाचा अंमल फार विस्तृत प्रदेशावर चालतो. रजेचा अर्ज, जामिनाचा अर्ज, दयेचा अर्ज, नळजोडणीचा अर्ज आणि नोकरीचा अर्ज या सर्वांना हा एकच शब्द पुरतो. याचना, तक्रार आणि रीतसर मागणी यांना इंग्रजीत निरनिराळी नावे आहेत. मराठीने तो भेद शब्दाच्या पातळीवर केलेला नाही. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ भाव खालून वर सादर करणे, श्रेष्ठाच्या कानी घालणे असा आहे. त्याच्या जोडीचा दुसरा शब्द ‘उमेदवार’. फारसीत उमेद धरून असलेला तो उमेदवार. एकोणिसाव्या शतकात मात्र या शब्दाला एक ठोस सामाजिक अर्थ होता. नेमणूक होईल या आशेने कचेरीत दररोज हजर राहणारा, पडेल ते काम बहुधा बिनपगारी करणारा मनुष्य म्हणजे उमेदवार. ‘उमेदवारीचा काळ’ हा आपला वाक्प्रचार त्या प्रथेची खूण आहे. नोकरी मागण्याचा इतिहास या दोन शब्दांमधून वाहतो. एकात कागद आहे, दुसऱ्यात दाराशी तिष्ठणारे शरीर आहे.

नोकरीच्या अर्जाकडे वाङ्मयेतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. अर्ज रुक्ष असतो, साचेबंद असतो आणि काम झाल्यावर रद्दीत जातो. परंतु आत्मचरित्राविषयी आपण एवढा विचार करतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी की, आधुनिक भारतात सर्वाधिक लोकांनी लिहिलेले आत्मपर लेखन हे अर्जाच्या रूपातच आहे. ते एकाच वाचकासाठी लिहिलेले असते आणि तो वाचक लेखकाच्या भवितव्याचा निर्णय करणारा असतो. अशा विषम नात्यात ‘मी’ कोणत्या सामग्रीतून घडविला जातो, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, अर्जातील हक्काचा आधार आणि अर्जातील विनवणीची भाषा या दोन गोष्टी एकाच वेळी बदलत नाहीत. आधार बदलतो, भाषा मागे रेंगाळते. क्वचित उलटही घडते. या अंतरातच या लेखनप्रकाराचा इतिहास वाचावा लागतो.

पत्रलेखनाचे शास्त्र भारतात जुने आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील दहावा अध्याय शासनलेखनाचा आहे. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व ही लेखसंपदा तेथे सांगितली आहे, आणि पत्राच्या तेरा प्रयोजनांत निंदा, प्रशंसा, पृच्छा यांच्याबरोबर ‘अर्थना’, म्हणजे मागणी, हीही गणलेली आहे. ज्याला लिहावयाचे त्याची जात, कुळ, स्थान, वय, विद्या यांचा विचार करून लेखकाने मजकूर रचावा, असा तेथील दंडक आहे. हा अर्थात राजाच्या लेखनिकाला केलेला उपदेश आहे, नोकरी मागणाऱ्याला नव्हे. तरीही पत्राची भाषा वाचणाऱ्याच्या पायरीवरून ठरते हे तत्त्व पुढे सर्वत्र टिकले. चौलुक्यकालीन गुजरातेतील व्यवहाराचे दर्शन घडविणारी ‘लेखपद्धती’ आणि मिथिलेच्या विद्यापतीची ‘लिखनावली’ हे नमुनापत्रांचे संग्रहच आहेत. विद्यापतीने तर श्रेष्ठांना, कनिष्ठांना आणि समानांना लिहावयाची पत्रे अशी विभागणीच केलेली आहे.

युरोपातही मध्ययुगात, विशेषतः अकराव्या-बाराव्या शतकांत इटलीमध्ये, पत्रलेखनाचे असेच शास्त्र सिद्ध झाले. त्यात पत्राचे पाच भाग मानले जात : अभिवादन, वाचकाची मर्जी संपादन करणे, निवेदन, मागणी आणि समाप्ती. मराठी विनंतीपत्र या आराखड्याशेजारी ठेवून पाहिले तर साम्य डोळ्यांत भरते. मायन्यात प्राप्तकर्त्याची बिरुदे, मग साष्टांग नमस्कार, ‘विनंती विशेष’, वर्तमान, मागणी आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंती’. दोन्हीकडे मागणी आधी येऊ शकत नाही. तिच्यापूर्वी वाचकाला त्याच्या आसनावर प्रतिष्ठित करावे लागते. फरक एवढाच की, मराठी मायन्यात पत्र लिहिणाऱ्याची पायरीही पहिल्या ओळीतच ठरून जाते. कोणी आशीर्वाद लिहावा, कोणी नमस्कार, कोणी दंडवत, कोणी रामराम आणि कोणी जोहार, हे जातीने आणि पदाने निश्चित केलेले असे. ज्याला ‘जोहार’ लिहावयाचा आहे त्याच्या मागणीचा आवाका त्या एका शब्दानेच आखला जात होता. या मुद्द्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

शिवकालात ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, हे सर्वज्ञात आहे. पण ‘अर्ज’ मराठीतून गेला नाही. तो आणि ‘विनंती’ शेजारी शेजारी नांदत राहिले आणि आपल्या कचेऱ्यांनी शेवटी ‘विनंतीअर्ज’ असा समास करून दोघांनाही कामास लावले. फारसी इन्शा-परंपरेचा दुसरा प्रवास इंग्रजीकडे झाला. सतराव्या शतकातील मुलतानच्या हरकरन दासाचा नमुनापत्रांचा फारसी संग्रह फ्रान्सिस बाल्फोर याने इंग्रजी भाषांतरासह १७८१ मध्ये कलकत्त्यास छापविला. कंपनीच्या अधिकाऱ्यांना एतद्देशीयांची पत्रे वाचता आणि लिहिता यावीत, ही गरज त्यामागे होती. म्हणजे भारतीयांनी इंग्रजी अर्ज लिहावयास शिकण्यापूर्वी इंग्रज फारसी अर्ज वाचावयास शिकत होते. बाबू-इंग्रजीची थट्टा करताना हा क्रम सहसा विसरला जातो.

नोकरी मागणाऱ्या पत्रांत जगात सर्वांत प्रसिद्ध असलेले पत्र लिओनार्दो दा विंचीचे आहे. १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्त्सा याला उद्देशून केलेल्या या मसुद्यात सुटसुटीत पूल, खंदक कोरडे करण्याच्या युक्त्या, तोफा, झाकलेले रथ यांची क्रमवार यादी आहे. शांततेच्या काळातील वास्तुरचना, शिल्प आणि चित्र यांचा उल्लेख अगदी अखेरीस येतो. आजच्या व्यवस्थापनवर्गात हे पत्र आदर्श म्हणून दाखविले जाते, कारण ते मालकाच्या गरजेपासून सुरू होते. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. उपलब्ध मसुदा लिओनार्दोच्या हस्ताक्षरात नाही, तो दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला आहे. स्वतःविषयी इतक्या आत्मविश्वासाने बोलणारा ‘मी’ दुसऱ्याच्या लेखणीतून उतरला आहे.

कंपनीच्या अमदानीत भारतात नोकरीचे दार तीन किल्ल्यांनी उघडे : उमेदवारी, शिफारस आणि चिठ्ठी. ‘चिठ्ठी’ इंग्रजांनी उचलली, तिचे ‘चिट’ केले आणि नोकराला दिलेल्या चांगल्या चालीच्या दाखल्यालाही हाच शब्द वापरला. आपल्या नोकराविषयी साहेबाने लिहिलेली ही चार ओळींची चिठ्ठी नोकर जपून ठेवी आणि पुढच्या साहेबापुढे ठेवी. येथे अर्जदार स्वतःविषयी काहीच लिहीत नाही. त्याचा ‘मी’ हा दुसऱ्याने प्रमाणित केलेला असतो.

या व्यवस्थेत मानाचा प्रश्न कसा उभा राहत होता, हे गालिबविषयीच्या एका प्रसिद्ध आख्यायिकेत दिसते. १८४० च्या सुमारास दिल्ली कॉलेजात फारसीच्या अध्यापकाची जागा होती. गालिब पालखीतून गेला आणि सरकारी अधिकारी टॉमसन स्वागताला बाहेर येईल म्हणून थांबून राहिला. टॉमसनने सांगितले, दरबारात येता तेव्हा आपण पाहुणे असता, आज नोकरीसाठी आला आहात. सरकारी नोकरीने मान वाढेल असे वाटले होते, असलेला मान जाणार असेल तर ती नको, असे उत्तर देऊन गालिब परतला. आख्यायिकेचा तपशील बाजूला ठेवला तरी तिच्यात एक ऐतिहासिक सत्य आहे. त्याच माणसाची भेट दरबाराच्या संकेतांत बसली तर ती ‘मुलाकात’ होते, आणि नोकरीच्या संकेतांत बसली तर ती ‘उमेदवारी’ होते. गालिबाला उमेदवार होता येईना.

पुढे आधार बदलला. १० ऑक्टोबर १८४४ च्या ठरावाने गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नेमणुकांत इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे स्थापन झाली. आता माणसाच्या कुळाऐवजी त्याची परीक्षा बोलू लागली. निदान तत्त्व तरी असे होते. ‘मी अमुक परीक्षा उत्तीर्ण झालो आहे’ हे वाक्य भारतीय आत्मपर लेखनात नवे होते. नापास झालेल्याने आपले नापास होणेही पात्रता म्हणून नोंदवावे, इतकी त्या वाक्याची प्रतिष्ठा वाढली.

भाषा मात्र जुनी राहिली, आणि तिचीच पुढे ‘बाबू इंग्लिश’ म्हणून टर उडविली गेली. १८९१ मध्ये भारतीय वृत्तपत्रांतील अशा इंग्रजीचे नमुने गोळा करून लंडनमध्ये एक पुस्तक निघाले, आणि १८९७ मध्ये एफ. आन्स्टी याने जबरजी नावाचा विनोदी बाबू निर्माण केला. हास्याचा विषय होता अतिशयोक्त नम्रता : आपण दीनांचे पालनकर्ते आहात, आपल्या चरणी शरण आलो आहे, आपणांस व आपल्या मुलाबाळांस दीर्घायुष्य लाभो अशी प्रार्थना सदैव करीन. भाषेची चूक म्हणून याकडे पाहणे सोपे आहे. तौलनिक अभ्यासकाने त्याकडे एका लेखनप्रकाराचे दुसऱ्या भाषेत झालेले स्थलांतर म्हणून पाहिले पाहिजे. फारसी अर्जाच्या शेवटी दुआ येते, ती इंग्रजीत उतरली. पण गंमत पुढेच आहे. ब्रिटिश पार्लमेंटला सादर होणाऱ्या विनंतीपत्रांचा शेवटही ‘आपले अर्जदार कर्तव्यबुद्धीने सदैव प्रार्थना करीत राहतील’ अशा अर्थाच्या ठरीव वाक्याने होत असे. म्हणजे ज्या प्रार्थनेला साहेब हसत होता तिचे एक आजोळ इस्फहानकडे, तर दुसरे वेस्टमिन्स्टरमध्ये होते. स्वतः इंग्रज अधिकारी एकमेकांना लिहिताना ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ अशी सही करीत. त्यांच्यासाठी तो निव्वळ संकेत होता. अर्जदाराने तो शब्दशः घेतला, कारण त्याच्या परिस्थितीत तो शब्दशः खराच होता.

या लेखनप्रकाराच्या दोन टोकांचे दर्शन एकाच माणसाच्या दोन पत्रांत घडते. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत कारकुनीसाठी अर्ज केला. जागा रिकामी असल्याचे कळले, मॅट्रिक झालो, पुढे एफ.ए. पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण थांबले, सर्व वेळ गणिताला दिला आहे, काम नीट करू शकेन, नेमणूक देण्याची कृपा व्हावी, असा पत्राचा आशय आहे. नमुन्याच्या पुस्तकातून उचलावे असे हे पत्र आहे. त्यातील गणिताचे वाक्य तेवढे नमुन्यात बसत नाही. कारकुनाच्या जागेसाठी ते अनावश्यक होते. किंबहुना शिक्षण सुटल्यानंतरच्या रिकाम्या वर्षांचा खुलासा म्हणून ते आले असावे. रामानुजन यांना महिना तीस रुपयांची जागा मिळाली आणि १ मार्च १९१२ रोजी ते रुजू झाले.

पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९१३ रोजी, त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. आरंभ त्याच विनवणीच्या क्रियापदाने होतो. पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यातील कारकून, वर्षाला अवघे वीस पौंड वेतन, वय सुमारे तेवीस (वास्तविक त्यांना पंचविसावे वर्ष पूर्ण झाले होते), विद्यापीठीय शिक्षण नाही. अर्जदार आपली पायरी आधी सांगतो, हा जुना मायन्याचाच संस्कार आहे. परंतु पत्रासोबत सुमारे १२० प्रमेयांची पाने जोडलेली होती, आणि त्या पानांवर विनवणीचा एकही शब्द नव्हता. हे खऱ्या अर्थाने ‘सोबतचे पत्र’ होते. पत्र नम्र आणि सोबतचा ऐवज निर्भय. हार्डी यांनी पत्रापेक्षा ऐवज वाचला, ही जगाच्या इतिहासातील दुर्मीळ घटना होय. बहुतेक वाचक पत्रावरच थांबतात, आणि हार्डी यांच्याआधी ज्यांच्याकडे रामानुजन गेले त्यांच्यापैकी काही तेथेच थांबले होते. रामानुजन यांची ही पत्रे सर्वस्वी त्यांच्या हातची नसावीत, त्यांचे त्या वेळचे इंग्रजी तेवढे समर्थ नव्हते, असे पुढे हार्डी यांनीच नोंदविले आहे. मिलानच्या पत्राप्रमाणे येथेही ‘मी’चा लेखक एकटा नाही.

आता जोहाराकडे वळू. महार जातीच्या शिपायांची लष्करातील भरती १८९० च्या दशकाच्या आरंभी बंद झाली. कंपनीच्या मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घरांचा तो आधार तुटला. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या भरतीबंदीविरुद्ध विनंतीपत्र तयार केले, आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनी महारांच्या परिषदेने भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज धाडला. इतिहासग्रंथांत ही निवेदने दलित चळवळीचे आरंभबिंदू म्हणून येतात, आणि ते योग्यच आहे. पण लेखनप्रकार म्हणून पाहिले तर ते नोकरीचे अर्ज आहेत. मागणी अत्यंत मोजकी आहे : उच्च पदे नकोत, त्यासाठीचे शिक्षण आमच्यापाशी नाही, सरकारी सेवेच्या खालच्या पायऱ्यांवर, पोलिसात आणि लष्करात शिपाई म्हणून घ्यावे. पात्रतेचा पुरावा म्हणून वाडवडिलांनी केलेली लष्करी सेवा पुढे ठेवली आहे.

येथे अर्जदार एकवचनी नाही. रामानुजन यांचा ‘मी’ आपल्या पिढीजात ओळखीपासून सुटून गणितावर उभा राहू पाहतो. कांबळे यांच्या ‘आम्हां’ला तशी मोकळीक नाही, कारण नाकारले जाणे हेच मुळी जातीच्या नावाने झाले आहे. एकट्याने कितीही उत्तम अर्ज लिहिला तरी तो वाचला जाण्यापूर्वीच निकाली निघालेला आहे. म्हणून आधी संपूर्ण समूहाने वाचकाला वाचावयास भाग पाडले पाहिजे. एरवी उपहासाचा विषय झालेली इंग्रजी अर्जाची नम्रता येथे निराळे काम करते. मराठी मायन्यात या मंडळींना ‘जोहार मायबाप’ यापलीकडे जागा नव्हती. इंग्रजी विनंतीपत्रात ते ‘नम्र अर्जदार’ होते, आणि पार्लमेंटला लिहिणारा लंडनचा व्यापारीही ‘नम्र अर्जदार’च होता. ज्याच्या भाषेत त्याच्यासाठी वेगळी आणि खालची नम्रता राखून ठेवलेली आहे, त्याला सर्वांसाठी सारखी असलेली नम्रता ही बढती वाटू शकते. वासाहतिक भाषेच्या दास्यवृत्तीवर लिहिताना आपण ही बाजू पुरेशी विचारात घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या अर्जांना तत्काळ यश आले नाही. पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभारली गेली आणि युद्धानंतर मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. दरम्यान मागणीचे व्याकरण बदलत होते. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या होत्या. १९४३ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९५० च्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीतील समान संधी हा हक्क केला आणि चौथ्या उपकलमाने आरक्षणाला जागा दिली. ज्याला हक्क आहे त्याने विनंती करण्याचे कारण उरत नाही. ‘विहित नमुन्यातील अर्ज’ हे या बदलाचे कागदी रूप. नमुना रुक्ष असतो, पण त्याच्या रकान्यात विनवणीला जागा नसते. रिकाम्या ओळीवर नाव लिहायचे, जन्मतारीख लिहायची, प्रवर्ग लिहायचा. रकाना कोणाचा मायना विचारीत नाही.

मराठीत ही भाषा घडविण्याचे काम मुंबई-पुण्याबाहेरही झाले. बडोद्यात १९३१ मध्ये सिद्ध झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा अनेक भाषांतील शासनव्यवहाराचे शब्द शेजारी मांडणारा कोश तौलनिक अभ्यासकांनी अवश्य चाळावा. १९६० नंतर महाराष्ट्रात भाषा संचालनालयाने शासनव्यवहाराची परिभाषा सिद्ध केली. तरीही अर्जाचा शेवट मात्र चिवट निघाला. ‘आपला विश्वासू’ ही इंग्रजी समाप्तीची मराठी छाया रूढ झाली, परंतु शाळेतील मूल रजेचा पहिला अर्ज लिहिते ते ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ म्हणूनच, आणि हक्काने मिळणाऱ्या गोष्टीसाठीही आपण ‘ही नम्र विनंती’ लिहिल्याशिवाय थांबत नाही.

१९९१ नंतर खासगी क्षेत्राबरोबर अर्जाचे नवे रूप आले. भारतीय कचेरीत ‘कव्हरिंग लेटर’ म्हणजे ‘सोबत अमुक कागद जोडले आहेत’ एवढेच सांगणारे अग्रेषणपत्र होते. आता त्याच नावाखाली स्वतःची बाजू मांडणारे, मीच या जागेस कसा योग्य आहे हे पटविणारे पत्र अपेक्षित होऊ लागले. आत्मस्तुती हा दोष मानणाऱ्या संस्कारात वाढलेल्या विद्यार्थ्यांची यात फार ओढाताण होते. निवड समित्यांवर बसताना अशी पत्रे मोठ्या संख्येने वाचनात येतात. पहिल्या परिच्छेदात नेतृत्वगुणांची ग्वाही असते आणि शेवटच्या परिच्छेदात ‘संधी देऊन उपकृत करावे’ असते. इन्शा आणि अमेरिकन व्यापारी पत्र एकाच पानावर बसलेले असतात, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. सोबतच्या ‘बायोडेटा’त वडिलांचे नाव, उंची आणि क्वचित गोत्रही सापडते, कारण आपल्याकडे तोच कागद विवाहासाठीही फिरतो. दोन्हीकडे परके घर आपल्याला पारखून घेणार असते.

अलीकडे पुष्कळशी पत्रे एकमेकांसारखी दिसू लागली आहेत. संगणकाला जागेची जाहिरात आणि आपली माहिती दिली की तो क्षणार्धात पत्र लिहून देतो, आणि पुष्कळ ठिकाणी पहिली चाळणीही संगणकच लावतो. यामुळे अर्जातील अस्सलपणा संपला, अशी खंत सहकारी व्यक्त करतात. त्यांना तहसील कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाची आठवण करून द्यावीशी वाटते. गुडघ्यावर फळी ठेवून तो दिवसभर दुसऱ्यांचे ‘मी’ लिहीत आला आहे. समोर बसलेला माणूस आपली हकिकत स्वतःच्या बोलीत सांगतो, अर्जनवीस तिच्यातील निम्मी गाळतो, उरलेली ‘महोदय’ आणि ‘कळावे’ यांच्यामध्ये बसवितो आणि अंगठ्यासाठी शाई पुढे करतो. गाळलेली निम्मी हकिकत कोणत्याही दप्तरात मिळत नाही.